दुधाच्या नोंदींची रंगीत तालीम

लातूरला आमच्या ऑफिसच्या मागच्या बाजूला एक खोली आहे. तिच्यात लोखंडी मांडणीवर तीन जुने कॉम्प्युटर, भिंतीवर एक पंखा आणि खिडकीला डासांची जाळी. माझ्या धंद्यातली सगळ्यात महत्त्वाची खोली हीच, आणि तिच्यात खरं काम एकही होत नाही. तिथे फक्त तालीम होते. 'तुमच्या कामाबद्दल दिवाळी अंकात लिहा' असा निरोप आला, तेव्हा मला ही खोलीच आठवली. पुण्यात किती वर्षं होते, हैदराबादेत किती, कुठल्या पदावर होते, हे सगळं नोकरीच्या अर्जांत लिहून झालं आहे. ते तिथंच राहू दे.

आमचं काम थोडक्यात असं. काही माहिती एकदाच येते आणि पडून राहते, जशी शाळेची पटावरची नावं. काही माहिती मात्र सतत वाहत असते. दूध संकलन केंद्रावर सकाळी रांग लागते. एकजण किटली ओततो, वजन होतं, फॅट निघते, की लगेच दुसरा. नांदेड जिल्ह्यातल्या पन्नास गावांत हे एकाच वेळी चालू असेल, तर नोंदींचा लोंढाच येतो. तो लोंढा झेलायचा, क्रमाने लावायचा, जपायचा आणि ज्याला जे हवं ते पोचवायचं: संघाच्या हिशेबाला बेरीज, टँकरवाल्याला अंदाज, दूध घालणाऱ्याच्या फोनवर मेसेज. एका कॉम्प्युटरवर हे सोपवलं आणि तो बंद पडला, तर सकाळ वाया. म्हणून तीन ठेवायचे आणि प्रत्येक नोंद निदान दोघांकडे लिहून ठेवायची. एक पडला तर बाकीचे दोघं ओढतात. या जोडणीला आम्ही क्लस्टर म्हणतो.

पण खऱ्या दुधावर शिकायचं नसतं. म्हणून खऱ्या क्लस्टरसारखाच एक खोटा क्लस्टर उभा करतात. त्यावर हवे ते प्रयोग करायचे, पाडायचा, उभा करायचा, पुन्हा पाडायचा. आमच्या मागच्या खोलीतला तो हा.

काम एका दूध संघाचं होतं. संघाचे व्यवस्थापक बिरादार साहेब मूळचे उदगीरकडचे, कडक इस्त्रीचे, मोजकं बोलणारे. त्यांना हा खोटा क्लस्टर पटवणं हीच पहिली परीक्षा होती.

"म्हणजे मॅडम, जे मशीन काहीच करणार नाही त्याचा खर्च आम्ही द्यायचा?"

"साहेब, तुमच्या मुलीच्या लग्नात बँडवाला आधी कधी न वाजवलेलं गाणं वाजवायला लागला तर चालेल?"

"माझ्या मुलीचं लग्न झालं."

"बँड बरा होता?"

ते जरा हसले. म्हणाले, "करा तालीम. पण माझी अट लिहून घ्या. एकही नोंद हरवायची नाही आणि एकही दोनदा यायची नाही. एका सभासदाची एका वेळची नोंद एकच. हे दाखवलंत तर संघाची सगळी केंद्रं तुमच्याकडे. नाही तर हैदराबादची कंपनी तयारच आहे."

सगळी केंद्रं मिळाली तर माझं लातूरचं ऑफिस टिकणार होतं. नाही तर मी एकटी घरून किरकोळ कामं करणार आणि माझी दोन माणसं जाणार. एक देगलूरचा इरफान, त्याला मशीनच्या पोटात हात घालायची हौस. दुसरी मुदखेडची प्रज्ञा, जिला आकडे जुळेपर्यंत चैन पडत नाही. दोघंही पुण्याहून परत आलेले. प्रज्ञाला तर पुण्याची एक कंपनी पुन्हा बोलवत होती आणि तिने उत्तर लांबवून ठेवलं होतं. हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही.

दोन केंद्रं तालमीला घेतली. एक मुखेड तालुक्यातलं, एक देगलूरजवळचं. तिथल्या वजनकाट्याला आमची छोटी पेटी जोडली. संघाचं जुनं काम जसं चालतं तसंच चालू राहिलं, फक्त प्रत्येक नोंदीची एक प्रत आमच्या मागच्या खोलीत यायला लागली. काही दिवस सगळं सुरळीत. मग सकाळी येऊन पाहावं तर आदल्या संध्याकाळच्या काही नोंदी दोनदा आलेल्या. रोज नाही, पण बऱ्याचदा.

इरफानने पेट्या तपासल्या, वायरी बदलल्या, प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला. चूक सापडेना. शेवटी एका संध्याकाळी मी मुद्दाम ऑफिसात थांबले, तर दिवेलागणीला सगळं एकदम ठप्प. पंखासुद्धा. बाहेर येऊन पाहते तर जिन्याखाली आमचे घरमालक स्वामी गुरुजी मेन स्विचपाशी.

"गुरुजी, तुम्ही बंद केलं?"

"अरे, तुम्ही अजून आतच? मला वाटलं सगळे गेले. दुकान असो की घर, जाताना मेन बंद करून जावं. तुमची पोरं विसरतात, म्हणून मी करतो."

"आणि इन्व्हर्टर?"

"त्याचंही बटण बंद करतो. शॉर्टसर्किट झालं तर? सकाळी तुम्ही यायच्या आत चालू करून ठेवतो की."

गुरुजी इमाने इतबारे रोज आमचा अख्खा क्लस्टर पाडत होते. आपल्याकडे बहुतेक घरांत हे शिकवलेलं असतं. माझ्या आईनेही गावाला जाताना कधी मेन चालू ठेवला नाही. संध्याकाळचं दूध नेमकं त्याच वेळी चालू असायचं. केंद्रावरची पेटी पाच-पंचवीस नोंदींचा गठ्ठा पाठवायची आणि 'मिळालं' अशी पोच येण्याची वाट बघायची. आमच्या कॉम्प्युटरनी नोंदी लिहून घेतलेल्या असायच्या, पण पोच द्यायच्या आत गुरुजींचा हात स्विचवर. पेटी बिचारी समजायची, मिळालंच नाही. सकाळी पुन्हा अख्खा गठ्ठा पाठवायची. चूक पेटीची नव्हती. हरवण्यापेक्षा दोनदा पाठवलेलं बरं, असंच तिला सांगितलेलं होतं. दुबार आलेलं वेगळं काढणं हे पुढच्याचं काम.

इरफान म्हणाला, "गुरुजींना हात जोडून सांगू या, नक्को करू म्हणून."

मी म्हटलं, "उलट करू दे. खेडोपाडी वीज अशीच जाते. तालीम याचीच पाहिजे." गुरुजींना सांगितलं, तुम्ही बंद करत जा, फक्त आधी कळवू नका. त्यानंतर गुरुजींना या कामात भलताच रस आला. सकाळी जिन्यावर गाठून विचारायचे, "काल दुपारी एकदा पाडलं होतं. सापडलं काही?"

दुबार नोंदी काढायला आम्ही प्रोग्रॅममध्ये एक गाळणी बसवली. नियम साधा आणि साहेबांच्या अटीतलाच: सभासदाच्या एका कोडवर एका वेळेला, सकाळी किंवा संध्याकाळी, एकच नोंद. दुसरी आली तर ती दुबार, टाकून द्या. गुरुजींनी कितीही वेळा मेन बंद केला तरी दुबार नोंद एकही दिसेना. अट पूर्ण झाली. इरफानने भजी आणली. साहेबांना फोन करायचं तेवढं राहिलं होतं.

प्रज्ञा भजी खात नव्हती. ती टँकरचं माप बघत होती.

"मॅडम, मुखेडकडच्या केंद्रावर टँकरमध्ये दूध जास्त भरतंय. आपल्या बेरजेपेक्षा."

"जास्त?"

"हो. रोजच."

दूध धंद्यात कमी भरणं सगळ्यांना माहीत असतं. सांडतं, नासतं, कुणी वाटेत काढतं. जास्त भरलेलं कुणी ऐकलेलं नसतं. इरफान म्हणाला, "पाणी घालून राहिले असतील."

"पाणी घालून वजन केलं तर वजनातही दिसेल ना, दादा. मोजल्यावर कोण घालेल?"

इथे तालमीच्या खोलीचा खरा उपयोग कळतो. आलेला लोंढा आमच्याकडे जसाच्या तसा जपलेला असतो. त्यामुळे होऊन गेलेली सकाळ पुन्हा चालवता येते, पहिल्या किटलीपासून शेवटच्या किटलीपर्यंत. मेन बंद न झालेली एक सकाळ आम्ही गाळणी काढून चालवली. बेरीज टँकरशी जुळली. गाळणी लावून चालवली, कमी भरली. पुन्हा काढली, जुळली.

इरफानने भज्याचा घास हातातच धरला. "मॅडम, आपली गाळणीच दूध पिऊन राहिली."

गाळणीने टाकलेल्या नोंदी काढल्या. कोड तोच, सकाळ तीच, पण मधे काही मिनिटं गेलेली आणि वजन वेगळं, फॅट वेगळी. म्हणजे ती एकाच नोंदीची दुसरी प्रत नव्हतीच. वेगळं दूध होतं. काही कोडवर तर तीन-तीनदा. हे दोन प्रकारांनी होऊ शकतं: कुणी लबाडी करतंय, किंवा आपल्याला काहीतरी माहीत नाही. टेबलाशी बसून हे ठरत नाही. मी दुसऱ्या दिवशी मुखेडकडची गाडी धरली आणि रात्रीला बहिणीकडे उतरून पहाटे त्या गावात गेले.

केंद्र म्हणजे ग्रामपंचायतीजवळची पत्र्याची खोली. सचिव गोविंदराव काट्यावर. रांगेत बाया जास्त. एक पन्नाशीची बाई आली, तिने कोड सांगितला, किटली ओतली, आकडा ऐकला आणि बाजूला झाली. तिच्या मागची तरुण बाई पुढे आली आणि तिनेही तोच कोड सांगितला. गोविंदरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग काट्याकडे पाहिलं, मग उगाच काटा पुसला.

मी त्या पहिल्या बाईला बाहेर गाठलं. नाव सोजरबाई. नवरा हैदराबादला बांधकामावर, दोन म्हशी तिच्या.

"हा कोड कुणाचा, सोजरबाई?"

"दिराचा. का वं?"

"आणि मागची?"

"माझी जाऊ. ती बी त्याच कोडवर घालती. पल्याडची शेवंता बी. आमी तिघी."

"तुमचा स्वतःचा का नाही?"

"सभासद घरटी एकच करतेत. गोठा दिराच्या जागंत हाय. म्हशी माझ्या हायत, एक तर माहेराहून आणली, पर त्यो गोठा." तिने किटली या हातातून त्या हातात घेतली. "तुमी काय चौकशीला आल्या का? गोविंदराव घाबरून राहिलाय बगा, पार काटा घासून काढला."

"चौकशी नाही. नवीन मशीन येणार आहे, त्याचं बघतेय. तुमच्या दुधाचा हिशेब कसा ठेवता?"

"गोविंदराव आकडा मोठ्यानं सांगतो. तिघी ऐकतो. महिन्याला दीर ज्याचं त्याला देतो. मानूस वाईट न्हाई, पर इसरतो. मग मी म्हनते, भाऊजी, गोविंदरावाला इचारा. गोविंदराव सांगतो." मग तिने मलाच विचारलं, "नव्या मशीनीत माझं दूध दिसंल का?"

आमच्या गाळणीत त्या सकाळी ते दिसत नव्हतं. तिघींपैकी जी आधी पोचेल तिचं दूध मोजलं जायचं आणि उरलेल्या दोघींचं दुबार म्हणून कचऱ्यात. हेच उद्या खरं चालू झालं, की दिराच्या फोनवर मेसेज एकाच किटलीचा. मग गोविंदरावाला विचारा म्हणायचीही सोय नाही, कारण यंत्राने सांगितलेलं खरं. तिला हे सगळं सांगत बसले नाही. म्हटलं, "दिसेल असं करू."

"करू म्हंजी कधी?"

"बघते."

"बगा. आमच्याकडं समदेच बगतेत," असं म्हणून ती चालायला लागली.

परतीच्या एसटीत मी गणित मांडलं. साहेबांची अट शब्दशः धरली तर आमची तालीम पास झालेलीच होती. सगळी केंद्रं मिळत होती. ऑफिस टिकत होतं, प्रज्ञा राहत होती. फक्त सोजरबाईची किटली आमच्या यशात बुडत होती, आणि अशा सोजरबाई पन्नास गावांत किती, हे कुणालाच माहीत नव्हतं. संघाला दूध मिळतच होतं. नोंद गेली तर संघाचं काही अडत नव्हतं. फोन करून 'झालं' म्हणायला कुणाची हरकत नव्हती. मी फोन केला, पण सांगितलं की झालेलं नाही, येऊन दाखवायचं आहे.

नांदेडच्या संघाच्या ऑफिसात मी, इरफान आणि प्रज्ञा लॅपटॉप घेऊन बसलो. एकच सकाळ दोन रकान्यांत चालवून दाखवली. डावीकडे साहेबांचा नियम, उजवीकडे प्रत्येक किटली वेगळी. खाली टँकरचं माप. उजवीकडचं जुळलं.

बिरादार साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे एका कोडवर तिघी घालतात. हे नियमात बसत नाही."

"नाही बसत."

"आणि तुम्ही नियम मोडणाऱ्यांना सोयीचं मशीन बनवणार?"

"साहेब, दूध तुमच्या टँकरमध्ये आलंय. ते विकलंही गेलंय. यंत्राने काय म्हणायचं, आलंच नाही?"

"तुम्हाला माहीत नाही मॅडम. एकदा मोकळं सोडलं की लोक नसलेल्या माणसांच्या नावावर दूध घालतील. सबसिडी लाटतील. मी वीस भानगडी निस्तरल्यात."

हे खोटं नव्हतं. ते त्यांच्या जागी बरोबर होते, आणि हे मला मान्य करावं लागलं. नुसतं 'बायांवर अन्याय होतोय' म्हणून भागणार नव्हतं.

तेवढ्यात प्रज्ञा बोलली. ती सहसा बैठकीत बोलत नाही. "सर, आत्ता तुम्हाला एका कोडमागे किती माणसं आहेत तेच कळत नाही. भानगड झाली तर कुणाला धरणार? दिराला? प्रत्येकीला कोड दिला तर प्रत्येक किटली कुणाची ते कळेल. नसलेलं माणूस लगेच उघडं पडेल. ते काट्यावर येणारच नाही ना."

साहेबांनी चष्मा पुन्हा लावला आणि डावा रकाना वरून खाली वाचला. मग म्हणाले, "गोठा दिराच्या नावावर आहे म्हणता?"

"गोठा. म्हशी तिच्या आहेत."

"गोठ्याला आम्ही सभासद करत नाही," ते म्हणाले. माझ्या आठवणीत साहेबांनी केलेला हा एकच विनोद, आणि तोही न हसता. मग व्यवहाराचं बोलले: हे संचालकांपुढे ठेवावं लागेल, वेळ लागेल, तोवर करार नाही. आणि तुम्ही प्रत्येक ओतण्याला वेगळा क्रमांक देऊन दाखवा, म्हणजे खरी दुबार नोंद आणि दुसरी किटली यांतला फरक यंत्राला कळेल.

हे दुसरं काम आमचं, आणि ते आधीच करायला हवं होतं. पेटीनेच प्रत्येक किटलीला क्रमांक लावायचा. पोच आली नाही म्हणून गठ्ठा पुन्हा आला तरी क्रमांक तेच, म्हणजे दुबार; ते टाका. क्रमांक वेगळा, म्हणजे किटली वेगळी, ती ठेवा. प्रज्ञाने तो भाग लिहिला. गुरुजींनी मनसोक्त मेन बंद केला. बेरीज एकदाही हलली नाही.

करार मात्र लांबला. संचालकांची एक बैठक झाली नाही, दुसरीत विषय निघाला नाही. पुण्याच्या कंपनीने प्रज्ञाला शेवटचं विचारलं. तिच्या घरी धाकट्या भावाचं शिक्षण चालू होतं. ती म्हणाली, "मॅडम, मी थांबले असते."

मी म्हटलं, "थांबू नकोस." जेवायला घेऊन गेले, आणि तिच्या जागेवरचा कॉम्प्युटर मागच्या खोलीत नेऊन ठेवला. ती असती तर नंतरची पाचसहा डोकेदुखीची कामं निम्म्या वेळात झाली असती. अजूनही आकडे अडले की मी तिलाच फोन लावते, आणि ती पुण्यातून रागावते, की हे तुम्हाला अजून कळत कसं नाही.

तिसऱ्या बैठकीत संचालकांनी ठरवलं: दूध घालणारी व्यक्ती हीच सभासद, मग गोठा कुणाचाही असो. त्यांच्यातल्या एका बाईंनी विषय लावून धरला असं ऐकलं. माझी त्यांची ओळख नाही. बिरादार साहेबांनी फोन करून एवढंच सांगितलं, "मॅडम, नोंदणी वाढणार. तुमच्या क्लस्टरला झेपेल ना?" मी म्हटलं, तालीम झालेली आहे.

सगळी केंद्रं हळूहळू आमच्याकडे आली. आता ऑफिसात पाच जण आहेत. मागची खोली तशीच आहे. नवीन काही करायचं तर आधी तिथेच. नवीन माणसाला मी पहिल्या दिवशी त्या खोलीत नेते आणि एक कॉम्प्युटर बंद करायला सांगते. पुण्यात शिकलेली पोरं आधी घाबरतात.

सुरुवातीला तक्रारीचा फोन माझ्याकडेच ठेवला होता. मुखेडकडचं केंद्र खऱ्या क्लस्टरवर आलं त्याच आठवड्यात फोन वाजला. आवाज चढलेला.

"मेसेजवाल्या बाई का?"

"बोला."

"फॅट कमी दावली. माझी म्हस येवढं पातळ दूध देत न्हाई. मशीन तपासा तुमची."

मी नोंद उघडायला घेतली. तो आवाज ओळखीचा वाटत होता. पुढचा प्रश्न सवयीने तोंडातून गेला.

"कोड कुणाचा सांगता?"

"कुणाचा म्हंजी?" सोजरबाई म्हणाली. "माझा."